बरडावरच्या घरांचं भांडण

आपा,

तुझा चाळीसावा दिवस अजून व्हायचा आहे आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाशी असं कुणी बोलत नाही, हे मलाही कळतं. पण तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे सध्या पुष्कळ आहेत. बाजारात, मोटार स्टँडवर, शाळेच्या फाटकापाशी जो भेटतो तो तुझे उपकार सांगतो. मी मान हलवते, घरी येते आणि चूल पेटवताना थांबून विचार करते, की ही माणसं ज्या हाजराआपाबद्दल बोलतात तिला मी ओळखत होते का? आधी वाटायचं, ओळखत होते. गंगू येऊन गेल्यापासून तेही वाटत नाही.

गंगूचं सांगते, पण ते नंतर. आधी माझ्या मनात जे जसं येतं तसं येऊ दे.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात तू मला पहिल्यांदा पकडलंस. पकडलंस असंच म्हणायला हवं. दारव्ह्यातल्या सगळ्या बायकांच्या हातात बांगड्या भरणारी तू मन्यारीण आणि मी कन्याशाळेतली मास्तरीण. मधल्या सुट्टीत तू व्हरांड्यात पाटी उतरवलीस, माझा हात हातात घेतलास, हिरवी बांगडी मुठीच्या अगदी रुंद भागापर्यंत आणलीस आणि तिथेच थांबलीस.

"तुमचं नाक्यापलीकडचं बरड पडूनच हाय ना, बाई?"

"हो."

"काही होते का त्याच्यात?"

"दगड होतात."

"मंग देऊन टाका."

"कुणाला?"

"कापसाच्या जीनमागच्या बायाइले. त्याईच्या झोपड्या उठवून राह्यले. मालकाले तेथी नवं प्रेस बसवाचं हाय म्हणते. लेकरं घेऊन कुठी जातीन त्या?"

बांगडी ना पुढे जात होती ना मागे येत होती. हात ओढावा तर काच फुटून रक्त निघेल. मी म्हटलं, "घरी विचारते." तेव्हा कुठे तू बांगडी वर चढवलीस. नंतर कळलं, की गावातल्या निम्म्या वस्तू तू अशाच मिळवल्यास. लाकडाच्या ठेकेदाराच्या बायकोकडून सागाच्या बल्ल्या, कुंभाराच्या सुनेकडून छपराचे कवेलू, अडत्याच्या आईकडून चुना. बांगडी भरताना बाई पळून जाऊ शकत नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

यांना मी जेवताना सांगितलं. हे हसले. म्हणाले, "बरडावर कापसाची पऱ्हाटी येत नाही. माणसं येतात का पाहू." यांचे भाऊ आमच्याशी कितीतरी महिने धड बोलले नाहीत, पण जमीन दिली. त्या दिवशी तू आमच्या ओट्यावर आलीस, चहा घेतलास, यांना नुसता सलाम केलास आणि जाताना मला म्हणालीस, "येतो मी. आता तुह्यंही काम सुरू झालं, बाई." मघापर्यंत मी 'तुम्ही' होते. चहा संपेपर्यंत 'तू' झाले.

आणि खरंच काम सुरू झालं. जीनला ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी सगळी माणसं बरडावर. तुझा नियम असा, की कुणी आपलं घर बांधायचं नाही, सगळ्यांनी मिळून सगळी घरं बांधायची. सगळी छपरं चढली की ईश्वरचिठ्ठी काढायची, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याचं ते घर. म्हणजे कोणती भिंत आपली हे कुणालाच ठाऊक नाही आणि म्हणून कुणी भिंत कच्ची ठेवणार नाही. मोटार स्टँडवरचे मिस्त्री हातपाय धुऊन खोदायला टिकास घ्यायचे. आसपासचे शेतकरी आपापल्या बंड्या घेऊन मुरूम वाहायला यायचे. दुपारी एका मोठ्या गंजात पिठलं शिजायचं. त्या पिठल्यात मीठ कुणी घालायचं यावरून एकदा बायकांचं इतकं जुंपलं, की दोघींनी घातलं आणि सगळ्यांनी पाणी पीत पीत जेवण केलं. तू मात्र वाढून घेऊन पुन्हा मागितलंस आणि वर म्हणालीस, "बढिया झालं." तेव्हाही मला कळलं नाही, तुला खरंच आवडलं की तू त्या दोघींची अब्रू राखलीस.

आपलं पहिलं भांडण त्याच पिठल्यापाशी झालं. मी म्हटलं होतं, एक कमिटी करून घरं तिच्या नावावर ठेवू. राहायचं त्यांनी, पण विकायचा हक्क नको. उद्या कुणी दारूपायी विकेल, कुणाला सावकार फसवेल. एवढ्या लोकांनी घाम गाळला, दान दिलं, ते वाया जायला नको. माझं काय चुकत होतं, आपा? अजूनही सांग.

तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "मंग मालक बदलला. भाडेकरू थोच राह्यला."

"भाडं कुठे घेतो आपण?"

"भाडं नाई, पण परवानगी तं घ्या लागन ना? खिळा ठोकाचा, कमिटीले इचारा. जावयाले ठेवाचं, कमिटीले इचारा. असं घर कायले पाह्यजे मंग? जीनमागची झोपडी काय वाईट व्हती?"

सगळे तुझ्याच बाजूचे झाले. प्रत्येक घराचं मालकीचं खत वेगळं झालं, ज्याचं त्याच्या नावावर. मी हरले, पण मनातून मानलं नाही. तुला ते माहीत होतं.

फाल्गुनात अवकाळी पाऊस आला तो दिवस मला राहून राहून आठवतो. छपरं चढायची होती. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती उघड्या होत्या. गारा पडल्या, मग पाणी. सकाळी जाऊन पाहतो तर आठ-दहा भिंती खाली बसलेल्या, जणू कुणी वरून हात दाबला. बायका रडायला लागल्या. तू मोठ्यानं हसलीस. "रडता काय वो! भिंत पडली, माणूस तं नाई पडला ना?" तुझं हसणं पाहून माणसं कामाला लागली, आणि तू निघून गेलीस. दुपार झाली तरी आली नाहीस, म्हणून मधल्या सुट्टीत मी तुझ्या खोलीवर आले. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. पाटी कोपऱ्यात, बांगड्यांवरचा कपडासुद्धा काढला नव्हतास.

"आपा, बरं नाही का?"

"मले नाई जमत हे, बाई. म्या कायले केलं? लोकाइले आशा लावली. जा तू."

मी बसून राहिले. शेवटी सुट्टी संपली म्हणून उठून गेले. आणि दिवस कलताना बरडावर येऊन पाहते तर तू एका बंडीवर उभी, बंडीत तणसाचे भारे, आणि तू ओरडत होतीस, "उतरवा, झाका भिंती, आभाळ अजून गेलं नाई!" मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू मला ओळखच दिली नाहीस. मधल्या त्या दोन-चार तासांत काय झालं, कोण आलं, तू स्वतःला काय सांगितलंस? मी पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "कोन्त्या दिवशीचं इचारतं तू? मी कुठी पडली व्हती?"

घरं झाली. चिठ्ठ्या निघाल्या. गंगूला विहिरीजवळचं घर मिळालं.

गंगू तुझी लाडकी. जीनमध्ये सरकी वेचणारी, नवरा जाऊन वर्षं झालेली, पदरात एक मुलगी. तिच्या हातात भरायला तुझ्याकडे काही नव्हतं, तरी जीनमागे गेलीस की तू पाटी तिच्याच झोपडीपाशी उतरवायचीस. चिठ्ठी उघडली तेव्हा गंगू घरात गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. आपण वाकून पाहिलं तर ती भिंतीला पाठ लावून नुसती बसली होती. तू मला मागे ओढलंस. "बसू दे. तिले कोनी उठवाले येत नाई आता."

मग मी तुला विचारलं, "तुझं घर कुठलं, आपा? तू चिठ्ठीत नाव का नाही टाकलंस?" तेव्हा तू म्हणालीस, "मले झाडाले-सारवाले कंटाळा येते." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालीस, "मन्यारीण घरात बसली तं खाईन काय?" तिसऱ्यांदा विचारलं तर तू चिडलीस, पाटी उचललीस आणि चालायला लागलीस. मशिदीमागच्या त्या भाड्याच्या खोलीत तू गेलीस, जिथे दोन माणसं सरळ झोपू शकत नाहीत. तू गेलीस त्या दिवशी तुला गुस्ल, शेवटची आंघोळ, द्यायची तर जागा नव्हती. तुझं पांघरूण, तुझी चूल, तुझी पाटी गल्लीत आणून ठेवावी लागली. गल्लीच्या टोकाला मी बरडावरच्या बायकांमध्ये उभी होते. पुरुष जनाजा घेऊन गेले आणि आम्ही सगळ्या तिथेच राहिलो. घरं असलेल्या इतक्या बायका, आणि तुझी चूल रस्त्यात. कुणी ती उचलून आत ठेवायची, हेसुद्धा आम्हाला सुचेना.

आता गंगूचं.

तिची मुलगी मारेगावकडे दिली होती. काही वर्षांनी एक दिवस शाळेत कुणीतरी सांगितलं, की गंगूनं घर विकलं. घेणारा गावातलाच धान्याचा व्यापारी, त्याला गोदाम करायचं होतं. मी तास अर्धा सोडून रजिस्ट्री कचेरीकडे धावले. तू पायऱ्यांवर बसली होतीस. अंगठ्याला शाई होती. तू साक्षीदार!

"आपा, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"गंगूनं घर विकलं आणि तू अंगठा दिलास?"

"तिचं घर हाय. तिनं इकलं."

"तिचं एकटीचं? ती भिंत कुणी रचली? लाकूड कुणी दिलं? आमच्या घरच्यांनी भावांशी वैर घेतलं ते गोदामासाठी?"

"तुम्ही जमीन दिली का उसनी ठेवली व्हती, बाई?"

'तुम्ही.' इतक्या वर्षांनी पुन्हा तुम्ही. मला ते लागलं. मी म्हटलं, "तू तिला समजावायला हवं होतंस. एक शब्द तरी बोलायचा. तुझं तिनं ऐकलं असतं."

तू अंगठ्यावरची शाई दगडावर घासत राहिलीस. वर पाहिलंच नाहीस. म्हणालीस, "मी कायले बोलू? मी काय कमिटी हावो?"

त्यानंतर आपण बोलणं सोडलं नाही. तू शाळेत येत राहिलीस, पुन्हा 'तू' म्हणायला लागलीस, माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्या मांडवाला चुडा भरलास. पण त्या घरावरून जाताना आपण दोघी दुसरीकडे पाहायचो. कधी मीच विषय काढायची. "गोदामात आता उंदीर झालेत म्हणे." तू म्हणायचीस, "उंदराइले बी घर लागते." मी रागवायची आणि तू हसायचीस. मला वाटायचं, हिला काहीच वाटत नाही. दान, घाम, माणसं, सगळं हिला सारखंच. इतकी कोरडी कशी असेल ही, असंसुद्धा वाटायचं.

तुला ताप आला तेव्हा मी तुला भेटायला तीनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा ठरवून आले होते, की आज गंगूच्या घराचं विचारायचंच. तुझ्या डोक्यावर ओली पट्टी ठेवली. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "बाई, लिंबाचं लोणचं हाय का तुह्या घरी? तोंडाले चव नाई." मी म्हटलं, "उद्या आणते." मग आपण लोणच्याचंच बोललो. मीठ कमी घालावं की जास्त. मी आणलेलं लोणचं तू चाखलंसही नाहीस.

तू गेल्याचं ऐकून गंगू मारेगावहून आली. मोटारीतून उतरून आधी तुझ्या खोलीवर गेली, तिथे कुलूप, म्हणून माझ्याकडे आली. केस पांढरे झालेत तिचे. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी ठरवलं होतं की तिला काही म्हणायचं नाही. पण चहा पिता पिता माझ्या तोंडून निघूनच गेलं, "गंगू, तू घर कायले विकलं गं?"

तिनं सरळ सांगितलं. जावई मोहाच्या झाडावरून पडला होता, कंबर मोडलेली. घरात दोन लहान लेकरं, मुलगी पुन्हा गरोदर. इथलं घर ठेवून तिथे कशानं भागणार? "बाई, पोरगी तेथी मरून राह्यली व्हती. मी येथी घरात बसून काय करू?"

"आणि आपा? तिनं लगेच हो म्हटलं?"

गंगूनं कप खाली ठेवला. माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मलाच काही माहीत नसावं याचं तिला नवल वाटत होतं.

"आपानं? आपानं माह्ये पाय धरले, बाई."

"काय?"

"तुमाले नाई सांगतलं तिनं? कचेरीत जाच्या आधी म्या तिच्या खोलीवर गेलती. दार लावलं अन् पाय धरले माह्ये. एवढी मोठी बाई. इकू नको म्हणे, गंगू, माह्या जीव गेला त्या घरात, इकू नको. रडे म्हणून! म्या बी रडली. मंग म्या म्हटलं, आपा, तूच तं सांगे ना, घर माह्यं हाय म्हणून? माह्यं हाय का नाई, थे सांग."

"मग?"

"मंग उठली. तोंड धुतलं. म्हणे, व्हय, तुह्यंच हाय. चाल, कचेरीचा टाइम होऊन राह्यला. अन् रस्त्यानं एक सबद बोलली नाई."

मी गंगूला विचारलं, जावई बरा झाला का. म्हणाली, काठी घेऊन चालतो, शेत करतो. तिला विचारलं, पस्तावा होतो का. ती पदराचं टोक चाळवत म्हणाली, "हाय. अन् नाई बी." मुलीच्या घराला लागून एक पडवी काढली आहे, तिथे ती राहते. पावसाळ्यात गळते, म्हणाली. संध्याकाळच्या मोटारीनं ती परत गेली. जाताना विहिरीकडे गेली नाही. मीही चल म्हटलं नाही.

आता सांग, आपा, मी काय समजू? त्या पायऱ्यांवर तू माझ्यापुढे शाई घासत बसलीस, तेव्हा नुकतीच रडून आली होतीस? मी म्हटलं, एक शब्द तरी बोलायचा होतास, आणि तू 'मी काय कमिटी हावो' म्हणालीस? मग इतकी वर्षं मी कुणाशी भांडले? तू माझ्याच बाजूची होतीस तर मला का नाही सांगितलंस? आपण दोघी मिळून रडलो असतो. की तू माझ्या बाजूची नव्हतीसच? गंगूपुढे रडलीस ती खरी, की माझ्यापुढे कोरडी राहिलीस ती खरी? मी हे दोन्ही एकत्र ठेवून पाहते आणि मला एकच बाई दिसत नाही. यांना विचारलं. हे म्हणाले, "दोन्ही खरं असू शकते." पुरुषांना असं म्हणून मोकळं होता येतं.

आणि त्यातच परवा दौलत आला. तुला आठवत असेल, मधल्या ओळीतला, हमाली करणारा. बायको सोबत होती. नागपूरला त्याच्या मेव्हण्यानं गिरणीत काम बघितलंय. घर विकायचं म्हणाला. घेणारा मोटार दुरुस्तीवाला सलीम आहे, स्वतः राहणार आहे, गोदाम नाही. "आपा राहती तं आपाले म्हटलं असतं," दौलत म्हणाला. "आता तुम्ही चाला साक्षीले. तुमाइले सगळं माहीत हाय."

मी त्याच्यावर ओरडले, आपा. शेजारपाजार जमा होईल इतकं ओरडले. म्हटलं, नागपुरात खोलीचं भाडं देता देता मराल. म्हटलं, तुझ्या हातानं बल्ली चढवलीस ना रे, त्या घरात तुझं पोर जन्मलं ना? परवानगी नाही म्हटलं. त्याची बायको रडायला लागली. दौलत खाली मान घालून उभा. मग हळूच म्हणाला, "बाई, मी परवानगी मांगाले नाई आलो. साक्षीले बोलावाले आलो."

मी त्यांना बसवलं, चहा केला. चहात साखर दोनदा पडली बहुतेक. त्यांनी मुकाट्यानं घेतला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा सांगितली आणि कचेरीत गेले. का गेले? खरंच सांगते, मला माहीत नाही. तुझं पटलं म्हणून नाही. दौलतची दया आली म्हणूनही नाही. तू नाहीस तर कुणीतरी जायला हवं, एवढंच डोक्यात होतं. कारकुनानं विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?" मी म्हटलं, "हो." "घर यांचंच आहे?" दौलतची बायको माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "यांचंच आहे."

सही रेघेबाहेर गेली, कारकून म्हणाला, बाई, पुन्हा करा. मी पुन्हा केली.

बाहेर आले तेव्हा दौलत पाया पडायला वाकला. मी त्याला पडू दिलं नाही. ती दोघं गेली. मी त्याच पायऱ्यांवर बसले, ऊन उतरेपर्यंत. इतका राग आला होता मला, आणि सगळा तुझाच. वाटलं, तू समोर असतीस तर तुला चार गोष्टी ऐकवल्या असत्या.

आपा, मी सही केली. आणि मला अजूनही वाटतं, तू चुकली होतीस.